खाऱ्या हवेतली टू-स्ट्रोक : लहान जुनी मोटारसायकल निवडावी, जागी करावी आणि चालती ठेवावी कशी

कोकणात जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्याने इंजिनापेक्षा हवेची चिंता आधी करावी. हे इंजिन इतके साधे आहे की त्याला सहसा आपणहून काही होत नाही. जे बिघडते ते बाहेरून आत शिरणाऱ्या गोष्टींमुळे, म्हणजे खारा दमट वारा, जांभ्याचा तांबडा फफुटा, चार महिन्यांचा पाऊस आणि अलीकडे पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल यांमुळे बिघडते. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी १०० सीसीची एक जुनी गाडी बरीच वर्षे बाळगून आहे आणि तिच्यावर झालेल्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च माझ्याच आळसापायी झालेला आहे. तो खर्च वाचकाचा वाचावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

ओढ कशाची असते

फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंगची साखळी नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि त्या उघडण्या-झाकण्याचे काम खुद्द पिस्टनच करतो. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होऊन कार्बोरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा ओढली जाते. तो खाली येतो तेव्हा हेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर ढकलले जाते आणि जळालेला धूर बाहेर हाकलते. म्हणजे इंजिनाचे पोट हाच त्याचा भाता आहे. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढची निम्मी दुरुस्ती आपोआप समजते, कारण भात्याला भोक पडले की काय होते, हे लोहाराला सांगावे लागत नाही.

यामाहा आरएक्स १०० या गाडीचे उदाहरण घेतले, तर तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर, म्हणजे इंजिन अवघे ९८ सीसीचे. पण ते ११ अश्वशक्ती देते आणि गाडीचे वजन १०० किलोच्या आसपास भरते. त्यामुळे गाव सोडून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, चढणारा वळणावळणाचा अरुंद रस्ता ती ज्या चपळाईने घेते, ती चपळाई तिच्याहून दीडपट वजनाच्या नव्या गाडीला साधत नाही. गुहागरकडून येताना तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवून जयगडला उतरावे आणि गणपतीपुळ्यावरून आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरीला यावे, हा रस्ता जणू अशाच गाड्यांसाठी आखला आहे, असे मला नेहमी वाटते. बोटीवर दाटी झाली, तर मागचे चाक एकट्याने उचलून गाडी बाजूला सरकवता येते, ही सोयही काही लहान नाही.

खरी ओढ मात्र पडवीत असते. गोणपाट अंथरावे, प्लगपाना, रिंगपान्यांचा संच, एक चांगला स्क्रूड्रायव्हर आणि रॉकेल किंवा डिझेल घातलेले जुने ताट घ्यावे, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी हेड आणि ब्लॉक उतरून पिस्टन हातात येतो. शिकाऊ माणसालाही संपूर्ण यंत्र डोळ्यांनी पाहून समजते. त्या बदल्यात काही गोष्टी पत्कराव्या लागतात. नव्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो, म्हणून ही गाडी पेट्रोल जास्त पिते आणि हवा जास्त घाण करते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बंद पडल्या, यात गाड्यांवर काही अन्याय झाला असे मला वाटत नाही. रोज ४० किलोमीटर नोकरीला जाण्यासाठी ही गाडी घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीनदा बाजाराला, देवळाला किंवा नुसतेच बंदरापर्यंत जाऊन येण्यासाठी घ्यावी.

कोणती घ्यावी

आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत तयार होत राहिली. तिचे नाव एवढे मोठे झाले आहे की हल्ली चांगल्या गाडीपेक्षा चांगला रंग दिलेली गाडीच जास्त विकली जाते. पैसे मोजके असतील, तर त्याच सुमाराच्या कावासाकी बजाज केबी १०० किंवा टीव्हीएस सुझुकीच्या समुराईकडे वळावे. चालवण्याचा आनंद फारसा कमी होत नाही आणि विकणाऱ्याचा मिजासही कमी असतो. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर एस्कॉर्ट्सने बनवलेली १७५ सीसीची राजदूत दणकट आणि संथ आहे; एकेकाळी दुधाच्या किटल्या आणि भाताची पोती वाहिलेली ही गाडी शिकायला फार उत्तम, कारण ती चुका पोटात घालते. म्हैसूरच्या कारखान्यातल्या जावा आणि येझ्दी या २५० सीसीच्या गाड्या माझ्या दृष्टीने ‘लहान’ या शब्दात बसत नाहीत, पण त्यांची एक गंमत सांगायलाच हवी. त्यांची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. किक मारून झाली की तोच दांडा पुढे झुकवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचा.

ज्याला मोटारसायकलच हवी असा हट्ट नाही, त्याने लुना आणि बजाज एम-८० या गाड्यांचाही विचार करावा. मासळीची टोपली मागे बांधून पहाटे वाडीवाडीत फिरणाऱ्या एम-८० चा आवाज किनाऱ्यावरच्या एका अख्ख्या पिढीच्या कानात आहे. तिला लोक वस्तू म्हणून जपत नाहीत, म्हणून ती अजून माफक किमतीत मिळते.

गाडी शक्यतो घाटावरून आणावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कोल्हापूर, कराड, सांगलीकडच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी दिसायला धुळकट असते, पण तिचा सांगाडा आणि तारा शाबूत असतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वीस वर्षे काढलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली, तरी तिच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत.

पाहायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिन चालू होण्यास त्रास देत असावे, असे समजावे. मग इग्निशन बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबावी. पिस्टन वर येताना हाताला ठाम विरोध जाणवला पाहिजे आणि तो पार केल्यावर किक मोकळी झाली पाहिजे. विरोधच नसेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, झिजलेली आहे. वर-खाली होताना मध्येच ‘कट’ असा आवाज येत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर संशय धरावा, आणि क्रँकचे काम हे या गाड्यांमधले सर्वांत महाग काम आहे, हे लक्षात ठेवून भाव करावा.

सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे निळसर पांढरा धूर येणारच. तो दोष नाही. गाडी तापल्यावरही धूर तसाच दाट राहिला, तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पाहावी. टू-स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्स आणि क्रँककेस वेगळे असतात आणि त्यांच्यामध्ये एक रबरी सील असते. ते सील फाटले की भाता गिअरचे तेल ओढून जाळू लागतो. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मॅग्नेटकडचे सील गेले तर धूर दिसत नाही, आणि म्हणूनच ते जास्त घातक असते. तिथून कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल-तेल कमी), इंजिन तापते आणि एके दिवशी पिस्टन जाम होतो. याची खूण अशी की रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच तरंगत राहते. मी माझी गाडी पहिल्यांदा मेस्त्रींकडे नेली तेव्हा कार्बोरेटर बदलायचा ठरवूनच गेलो होतो. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलेही नाही. रेस दिली, सोडली, मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, “भाऊ, तुझी गाडी दोन नाकांनी श्वास घेत्येय. एक नाक बुजवूया.” मॅग्नेटचे झाकण काढल्यावर सीलची कड बोटाने चुरा होत होती.

कागदांच्या बाबतीत भिडस्तपणा करू नये. नोंदणी पुस्तकातले इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झालेले नसेल, तर दंड आणि पर्यावरण कर धरून एकूण रक्कम किती होते, हे परिवहन कार्यालयात विचारूनच व्यवहार पक्का करावा. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्यावी आणि ती सही घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. उच्च सुरक्षा नंबरप्लेट, विमा आणि पीयूसी या जुन्या गाडीलाही चुकलेल्या नाहीत. काही जण ‘व्हिंटेज नोंदणी करून देतो’ असे सांगून भाव चढवतात. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीलाच ती मिळते आणि मिळाल्यावर तिचा नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर उपयोग करता येत नाही. त्यामुळे १९८५ नंतरच्या गाड्यांना हे आमिष लागूच पडत नाही.

जागी करणे

बंद पडून राहिलेल्या गाडीला घरी आणताच किक मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे, तेल सोडावे, गाडी रात्रभर तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी प्लग बाहेर ठेवूनच किक हाताने आठ-दहा वेळा फिरवावी. पिस्टन अडकलेला वाटला, तर पायाने जोर लावू नये. आणखी तेल सोडून आणखी एक दिवस थांबावे.

टाकीत गंज असणारच. टाकी उतरवून, पेट्रोलचा कॉक (तोटी) काढून, त्या जागी बूच बसवून आत लिंबूसत्वाचे कोमट पाणी भरावे आणि मूठभर लहान नट टाकून मधूनमधून हलवावे. आमच्याकडे कोणीतरी आमसुले सुचवतोच. ती पितळेच्या समईला उत्तम, टाकीत मात्र त्यांची साले अडकून पुढे कॉक तुंबतो. एक-दोन दिवसांत गंज सुटला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, कडक उन्हात पूर्ण वाळवावे आणि वाळल्याबरोबर थोडे पेट्रोल व टू-टी तेल आत घोळवावे. वाळवणे आणि घोळवणे यांत एक रात्र गेली, तरी आपल्या हवेत टाकी सकाळी पुन्हा तांबूस झालेली दिसते.

कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके, साफ करताना टाचणी किंवा स्टीलची तार कधीही घालू नये. भोकाचा व्यास केसभर वाढला तरी मिश्रण बिघडते. विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक बारीक तार किंवा मासेमारीचा नायलॉनचा धागा पुरतो, आणि तो धागा आपल्याकडे कुठल्याही घरात सापडतो. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा सोडावा आणि तिथून पुढे इंजिनाच्या आवाजावर जुळवावे. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टोकांची) गाडी असेल, तर पॉइंटवर समुद्राच्या हवेने हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते. ती बारीक पॉलिश कागदाने काढून त्यांतले अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवावे. प्लगमधले अंतर बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर चालते.

बोअर गेला असेल, तर ब्लॉक घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाणे उत्तम. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे मिळतात. आधी पिस्टन घ्यावा, मग तो कारागिराच्या हातात देऊन त्याच्या मापानेच बोअर मारून घ्यावा. आकड्यावर विसंबून बोअर मारला आणि पिस्टन नंतर शोधला, तर दोघांचे पटत नाही. नव्या बोअरची गाडी पहिले ५०० किलोमीटर तरी एका वेगाने दामटू नये, रेस कमी-जास्त करीत चालवावी.

तेल आणि पेट्रोल

राजदूतसारख्या गाड्यांत तेल थेट टाकीतल्या पेट्रोलमध्ये मिसळायचे असते. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच खरे धरावे. हिशेब सोपा आहे : १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर आणि १:२० म्हणजे ५० मिलिलिटर. अंदाजाने ओतण्यापेक्षा खोकल्याच्या औषधाचे मापाचे टोपण डिकीत ठेवावे. तेल आणि पेट्रोल आधी बाटलीत हलवून मग टाकीत घालावे, कारण तेल तसेच ओतले तर ते तळाशी कॉकजवळ जाऊन बसते. तेलाच्या डब्यावर जासो (JASO) या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी ही श्रेणी पाहावी. या तेलांनी धूर आणि काजळी कमी होते. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल यात कधीही घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते.

आरएक्ससारख्या गाड्यांत तेलाची टाकी वेगळी असते आणि एक छोटा पंप रेसच्या प्रमाणात तेल सोडतो. व्यवस्था सुरेख आहे, पण ती तेलाच्या टाकीवर अवलंबून आहे. टाकी एकदा कोरडी झाली की नळीत हवेचा बुडबुडा बसतो आणि टाकी पुन्हा भरली तरी तेल पुढे सरकत नाही. अशा वेळी पंपाचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्यावे. बराच काळ बंद असलेल्या गाडीच्या पंपावर लगेच विश्वास ठेवू नये. पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही १:५० प्रमाणात तेल मिसळावे. धूर जास्त होईल, शेजारी बोलतील, पण पिस्टन वाचेल.

आता इथेनॉलविषयी. पंपावर हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांना त्याचा त्रास तीन प्रकारे होतो. ते जुन्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकमधले पॅकिंग आणि क्रँकची सीले बदलताना इथेनॉल सोसणारी घ्यावीत. सीले व्हायटॉन रबराची मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. दुसरे म्हणजे इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आधीपेक्षा पातळ पडते आणि इंजिन तापते. प्लग पांढरा दिसू लागला तर मेन जेट एका मापाने मोठा करावा. तिसरा त्रास खास आपला आहे : इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. जुलैत महिनाभर उभ्या असलेल्या गाडीचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटे खिडकीत ठेवून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल गाडीत परत घालू नये. वर उरलेले पेट्रोल चांगले असेल, असा हिशेब करू नये, आणि कार्बोरेटरची वाटीही उघडून पुसून घ्यावी.

प्लगचा रंग दर पंधरा दिवसांनी पाहण्याची सवय लावावी. नाचणीच्या भाकरीसारखा तांबूस तपकिरी असेल, तर सर्व ठीक आहे. काळा आणि ओला असेल, तर तेल किंवा पेट्रोल जास्त जात आहे. चुन्यासारखा पांढरा असेल, तर गाडी त्याच दिवशी थांबवून हवेची गळती शोधावी; कार्बोरेटर आणि ब्लॉकमधल्या जोडावर साबणाचे पाणी सोडून इंजिनाचा आवाज बदलतो का, ते पाहणे ही पहिली परीक्षा.

फफुटा, मीठ आणि घाट

जांभ्याची धूळ सुरीला धार लावण्याच्या दगडासारखी असते. टू-स्ट्रोकमध्ये ती फक्त सिलिंडरमध्ये नाही, तर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाते, कारण सगळा श्वास पोटातूनच जातो. फोमचा फिल्टर एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, पुन्हा तेलात भिजवून घट्ट पिळून बसवावा. कोरडा फोम धूळ अडवत नाही. फिल्टर काढून टाकला की आवाज भारी येतो, असे तरुण मुले सांगतात. आवाज येतो खरा, पण त्याचे बिल पिस्टनच्या दुकानात येते.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नेऊच नये. नेलीच किंवा फेरीबोटीवर तुषार उडाले, तर घरी येताच गोड्या पाण्याने धुवावी, फिरवून वाळवावी आणि चाकांच्या तारा, निपल व रिम तेलाच्या फडक्याने पुसाव्यात. खोबरेल तेल लावू नये. ते धूळ धरून ठेवते.

घाट उतरण्याविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण इथे मी स्वतः आपटलो आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर येते. रेस बंद करून, गाडी गिअरमध्ये ठेवून लांब उतार उतरला, तर चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पण तेल मात्र थेंबथेंबच येते. आंबा घाट उतरताना पेट्रोल वाचवण्याच्या शहाणपणाने मी जवळजवळ पूर्ण घाट बंद रेसवर उतरलो आणि साखरप्याच्या अलीकडे सपाटीला लागून रेस पिळली, तेव्हा मागचे चाक क्षणभर जागच्या जागी थांबले आणि रस्त्यावर हातभर काळी रेघ उमटली. क्लच दाबला गेला म्हणून पडलो नाही. ब्लॉक उतरवला तेव्हा पिस्टनच्या एका बाजूला चार उभे ओरखडे होते, नखाने जाणवतील एवढे.

म्हणून उतारावर दर काही सेकंदांनी क्लच दाबून रेसला हलकासा झटका द्यावा, म्हणजे इंजिनाला तेलाचा घोट मिळतो. शिवाय टू-स्ट्रोकला इंजिनाचा रोध फारसा मिळत नाही, म्हणून घाटात शिरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासावेत आणि ते सतत न दाबता सोडून सोडून वापरावेत. चढावर किंवा सपाटीवर गाडीचा जोर अचानक कमी झाला आणि आवाज कोरडा, कडक येऊ लागला, तर त्याच क्षणी क्लच दाबून रेस सोडावी. गाडी सावलीत उभी करून अर्धा तास आपोआप निवू द्यावी. पाणी ओतू नये.

काजळीचे काम कंटाळवाणे आहे, पण टळत नाही. पाच-सहा हजार किलोमीटरने सायलेन्सरची आतली जाळी काढून तारेने खरवडावी आणि पिस्टन पूर्ण खाली आणून धुराच्या खिडकीतली काजळी बांबूच्या चोयीने काढावी, लोखंडाने नव्हे. गाडी वर ओढत नाही म्हणून जेट बदलणारे बरेच असतात. दहातल्या काहींचा सायलेन्सरच फक्त तुंबलेला असतो.

आगोट ते नारळी पौर्णिमा

मेच्या अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, कामे निघतात; घरात लाकडे भरण्याची, कौले शाकारण्याची घाई सुरू होते, त्याच यादीत गाडी घालावी. पावसात चालवणार असाल, तर प्लगच्या टोपीला आणि कॉइलच्या जोडांना पाणी लागणार नाही असे पाहावे, सर्व केबलींत वरच्या टोकाने तेल सोडावे आणि आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटे फिरवून आणावी. खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन मिनिटे सुरू करून बंद करणे हे सुरू न करण्यापेक्षा वाईट, कारण अर्धवट तापलेल्या इंजिनात पाण्याचे बाष्प धरते आणि ते तिथेच राहते.

चालवणार नसाल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. टाकीत थोडे तेल फिरवावे, प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी तेल सोडून किक सावकाश फिरवावी आणि पिस्टन वर आणून ठेवावा, म्हणजे खिडक्या झाकल्या जातात. गाडी मधल्या स्टँडवर, फळीवर उभी करावी. प्लास्टिकची ताडपत्री अंगावर घालू नये, तिच्या आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरे. गोठ्याला लागून ठेवू नये, कारण गोमूत्रातल्या अमोनियाने तांब्या-पितळेचे जोड खराब होतात. सायलेन्सरचे तोंड फडक्याने बांधावे आणि कार्बोरेटरमधले जादा पेट्रोल बाहेर सोडणारी नळीही विसरू नये. कुंभारमाशीला ती फार आवडते. एका वर्षी मी किक मारमारून घामाघूम झालो आणि शेवटी त्या नळीतून बोटभर लांब मातीची कांडी निघाली.

नारळी पौर्णिमेच्या आसपास उघाड पडली की गाडी बाहेर काढावी. आधी फडकी सोडावीत, फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलेले नाही ना, ते पाहावे, ब्रेकचे शू ड्रमला चिकटले असतील तर गाडी मागेपुढे हलवून मोकळे करावेत. प्लग काढून आठ-दहा किका माराव्यात म्हणजे आत साठलेले तेल भोकातून उडेल. तेव्हा समोर वाकून पाहू नये आणि पांढरा सदराही घालू नये. मग नवा प्लग, लिटरभर ताजे पेट्रोल, त्यात मापाने तेल, चोक वर. बहुधा पाचव्या-सहाव्या किकेला गाडी बोलते आणि खळे धुराने भरते. रेस न देता तिला तशीच चालू द्यावी, ब्लॉकच्या फिन्सवर (थंडाव्यासाठीच्या पात्यांवर) हात ठेवून ऊब येईपर्यंत थांबावे आणि चोक खाली करून वाडीच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. परत आल्यावर प्लग पुन्हा काढून पाहावा. पहिल्या दिवशी तो काळा निघतो. चार दिवसांनी त्यावर नाचणीचा रंग चढलेला दिसला, की गणपतीच्या बाजाराला गाडी न्यायला हरकत नाही.